रेकॉर्ड घ्यायची की सीडी? आधी गाणी ठरवा, मशीनचं नंतर बघू

वर्षातनं चार-पाच जण तरी हा प्रश्न विचारतात आणि बहुतेकांनी विचारायच्या आधीच मनातल्या मनात रेकॉर्ड प्लेयर घेऊन टाकलेला असतो, त्यांना फक्त माझ्या तोंडून "हो, घे" ऐकायचं असतं. मी म्हणतो घे, पण आधी सांग की ऐकणार काय आहेस? इथे गाडी अडते. कारण बघा, आवाज कशाचा चांगला यावर भांडत बसलात तर दिवाळीपर्यंत भांडाल, पण तुमच्या आवडीची गाणी कशावर मिळतायत हे एकदा कागदावर उतरवलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

माझ्याकडे दोन्ही आहे. रोजचं ऐकणं जास्त करून सीडीवर, रविवारी सकाळी रेकॉर्ड, आणि हे जे खाली लिहिलंय ते बरेचसे पैसे वाया घालवून शिकलेलं आहे.

पायरी १: वीस गोष्टींची यादी

वही घ्या आणि घरी परत परत ऐकाल अशा वीस गोष्टी लिहा. "शास्त्रीय" किंवा "जुनी गाणी" असं ढोबळ नको, नेमकं कोण आणि कुठलं ध्वनिमुद्रण ते लिहा. मग प्रत्येकापुढे टाका की ते कशावर निघालं होतं.

आपल्याकडच्या गाण्याचं साधारण असं आहे. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर या मंडळींचं मूळ काम ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या, लाखेच्या रेकॉर्डवर आहे, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यामुळे अख्खा ख्याल त्या तीन मिनिटांत कोंबलाय आणि तो कोंबण्यातच त्यांची कमाल आहे. त्यानंतर एलपी, म्हणजे ३३ च्या स्पीडची मोठी रेकॉर्ड, आली, अमेरिकेत कोलंबियाने १९४८ ला काढली, आपल्याकडे रुळायला वेळ लागला, पण आल्यावर गवयांना एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली आणि एक बाजू एक राग असा प्रकार सुरू झाला. भावगीतं, नाट्यगीतं, सिनेमाची गाणी ही बरीचशी सात इंची ४५ आरपीएमच्या छोट्या ईपीवर, एका बाजूला दोन गाणी. आणि गंमत म्हणजे बाहेर ७८ बंद पडल्यावरही भारतात त्या साठच्या दशकात निघतच होत्या, बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८ वर निघालीत आणि जगभरचे कलेक्टर ती शोधत फिरतात.

सीडी १९८२ ची. तिच्यावर ७४ मिनिटं मावतात, म्हणजे तासाभराची मैफल मध्ये न उठता ऐकता येते. विलंबित रंगात आलंय आणि उठून बाजू बदलायचीय, यात ज्यांना रस वाटतो त्यांना वाटो, मला नाही वाटत.

आता यादीत तीन ढीग पाडा. पहिल्या ढिगात सीडीवर सहज मिळणारं. दुसऱ्यात फक्त रेकॉर्डवरच असलेलं, पुढे कधी निघालंच नाही असं, आणि मराठीत हे खूप आहे, छोटे ईपी, कीर्तनं, पोवाडे, नाटकातली पदं, कितीतरी गोष्टी एकदा छापल्या आणि संपल्या. तिसऱ्यात दोन्हीवर मिळणारं. दुसरा ढीग रिकामा असेल तर खरंच सांगतो, सीडी घ्या आणि उरलेल्या पैशात चांगले स्पीकर घ्या. दुसऱ्या ढिगात पाच-सात नावं जरी आली तरी टर्नटेबलला, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरला, कारण आहे. घरात आजोबांची रेकॉर्डची पेटी असेल तर प्रश्नच मिटला, ती उघडा आणि त्यात काय आहे ते या यादीत धरा.

पायरी २: आवाजाचं नेमकं काय ते समजून घ्या, पण त्यात अडकू नका

सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेते, प्रत्येक माप १६ बिटचं. यातून हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबलच्या आसपास मिळतं, एलपीला ते साठ-सत्तरच्या आसपास. म्हणजे कागदावर सीडी जिंकली. तंबोरा जुळतोय, गवई अजून खाकरतोय, अशा शांत जागी सीडीत मागे काही नसतं आणि रेकॉर्डवर बारीक खसखस असते.

रेकॉर्डची गोष्ट वेगळी. खाच कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे स्वर वाढवतात, कारण खर्ज आहे तसा कापला तर खाच एवढी रुंद होईल की दहा मिनिटंही मावणार नाहीत. वाजवताना हे उलटं करावं लागतं, ते काम फोनो प्रीअँपचं. तो नसला की आवाज बारीक, किरकिरा, खर्ज गायब, आणि लोक म्हणतात रेकॉर्ड खराब आहे. दोनदा लागला, एक टर्नटेबलमध्ये आणि एक अँप्लिफायरमध्ये, तर फाटका आवाज. नवीन माणसाच्या दहापैकी निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

अजून एक, रेकॉर्डच्या कडेला पिनखालून खाच सेकंदाला पन्नास सेंटिमीटरच्या वेगाने जाते, लेबलजवळ पोचेपर्यंत तेच वीस-बावीस वर येतं. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं जरा दबलेलं वाटतं, 'स' फुटतो. नेमकी द्रुत बंदिश आणि तराणा तिथेच येतात, काय करणार.

मग लोक रेकॉर्डचा आवाज "उबदार" म्हणतात ते खोटं का? नाही हो. पण त्यातलं बरंचसं श्रेय ती रेकॉर्ड कुणी आणि कधी तयार केली त्याला जातं. नव्वदनंतर बऱ्याच सीड्या मुद्दाम मोठ्या आवाजात केल्या, सगळं सारखंच जोरात, कान दहा मिनिटांत थकतो. आपल्या जुन्या गाण्यांच्या सीड्यांवर त्यात भर म्हणून खरखर काढायच्या नादात आवाजाचा जीवच काढलेला असतो. कव्हरवर "झंकार" दिसलं तर ठेवून द्या, मागे ढोलक-ड्रम चढवलेत. उलट आज नवीन निघणाऱ्या बऱ्याच एलपी डिजिटल फाइलवरूनच कापतात, त्यामुळे "प्युअर अ‍ॅनालॉग" म्हणून जास्त पैसे मोजताना जरा थांबा. मी तरी आता सीडी विरुद्ध रेकॉर्ड असं बघतच नाही, हा छापा बरा की तो छापा बरा एवढंच बघतो, आणि डिस्कॉग्ज या रेकॉर्ड-सीड्यांची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर एकाच अल्बमचे सात-आठ छापे दिसतात तेव्हा लोकांनी खाली काय लिहिलंय ते वाचतो.

पायरी ३: सीडीचा सेटअप, हा स्वस्तात होतो

हे थोडक्यात. घरात जुना डीव्हीडी प्लेयर पडलेला असेल तर तो काढा, पुसा, लावा. मागे नारिंगी किंवा काळी "कोअ‍ॅक्सिअल" सॉकेट असेल तर तिथून वायर काढून एका साध्या डॅकला (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारा डबा) द्या, डॅकमधून अँपला. झालं. हजारो रुपयांच्या सीडी प्लेयरमध्ये आणि यात माझ्या कानाला रोजच्या ऐकण्यात फरक सापडत नाही, तुमच्या कानाला सापडला तर घ्या नवीन. एकच कटकट, डीव्हीडी प्लेयरला समोर गाणं नंबर नीट दिसत नाही आणि काही मॉडेल टीव्ही लावल्याशिवाय चालू व्हायला नखरे करतात.

पिकअपची लेन्स हा यातला झिजणारा भाग. डिस्क दोन-तीनदा फिरून "नो डिस्क" म्हणायला लागला की आधी लेन्स ब्लोअरने साफ करून बघा, फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात.

पायरी ४: टर्नटेबल घेताना

सुटकेससारखे दिसणारे रंगीत प्लेयर इन्स्टाग्रामवर फार छान दिसतात. मी स्वतः एक घेतला होता, आकाशी रंगाचा. त्याची सिरॅमिक कार्ट्रिज (पिन जिला बसते तो भाग) आणि पिनचं रेकॉर्डवर पाच ग्रॅमच्या आसपासचं वजन, ते वजन बदलायची सोय नाही, स्पीकर त्याच डब्यात त्यामुळे आवाज वाढवला की पिन थरथरते. वर त्याच्यावर ३३, ४५, ७८ असे तीन स्पीड लिहिलेले, मी हौसेने आजोबांची नाट्यगीताची ७८ लावली. नुसती वाळू दळल्यासारखा आवाज. दोष रेकॉर्डचा नव्हता. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची म्हणजे पंच्याहत्तर मायक्रॉनची पिन लागते, एलपीची पिन त्याच्या पावपटीहूनही बारीक, ती खाचेच्या तळाला जाऊन कचऱ्यात लोळत होती.

तर बघायचं काय? पहिलं, कार्ट्रिज सिरॅमिक नको, मूव्हिंग मॅग्नेट प्रकारची हवी आणि पिन बदलता यायला हवी. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स सुरुवातीला बरा, वजन कारखान्यातच सेट केलेलं असतं, आत प्रीअँप आहे, बटण दाबलं की पिन धरणारा हात आपोआप जातो, ज्यांना सेटिंगची भानगड नको त्यांनी हा घ्यावा आणि गप गाणी ऐकावी. पुढे हौस वाढेल असं वाटत असेल तर मागे काउंटरवेट, म्हणजे पिनचं वजन बदलायचा गोळा, असलेला घ्या. आणि ७८ वाजवायच्या असतील तर त्याच कंपनीच्या एलपी१२० सारखा तिन्ही स्पीडवाला घ्या आणि ७८ ची पिन वेगळी घ्या, ते ऐच्छिक समजू नका.

दुसरं, अमेरिकेतनं कुणी मावसभाऊ प्रेमाने जुना टर्नटेबल आणतो म्हणाला तर आधी मागचं लेबल विचारा. ११० व्होल्टला ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण जुन्या एसी मोटरचा स्पीड लाइनच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०. म्हणजे ३३ ची रेकॉर्ड २८ च्या खाली फिरणार आणि सूर जवळजवळ तीन पट्ट्या खाली उतरणार, काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी पाचमध्ये गायला लागतील. काहींना मोटरची पुली बदलून मिळते, डीसी मोटर किंवा क्वार्ट्झवाल्यांना हा त्रास नाही.

तिसरं, घरातला जुना एचएमव्हीचा प्लेयर. आठवण म्हणून जपा, दुरुस्त करा, पण चांगल्या एलपी त्याच्यावर रोज नको. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी तर चुकूनही लावायची नाही, त्याची स्टीलची पिन आणि तो जड साउंडबॉक्स खाच खरवडून काढतो, एकदा वाजवली की संपली.

पायरी ५: टर्नटेबल लावायचा कसा

हा भाग सावकाश वाचा कारण सगळा खेळ इथे आहे.

जागा. फर्निचरवर ठेवला तर माणूस चालला की पिन उडते, लाकडी माडी असेल तर विचारूच नका. आपल्या जुन्या घरांत भिंतीत बसवलेला कडप्प्याचा कप्पा असतो ना, लोणच्याच्या बरण्या ठेवतात तो, त्याच्याइतकी उत्तम जागा नाही, जड आणि भिंतीला घट्ट. आईकडून तो कप्पा मिळवणं हे या सगळ्यातलं सर्वात अवघड काम होतं. स्पीकर त्याच कप्प्यावर ठेवू नका, खर्जाने पिन हलते आणि घूं घूं सुरू होतं.

पातळी. गवंड्याची पाणसळ आणा किंवा मोबाइलमधली वापरा, प्लॅटरवर, म्हणजे फिरत्या थाळीवर, ठेवून दोन्ही दिशांना बघा, कागदाच्या घड्या खाली सरकवून सरळ करा.

वजन. आधी अँटीस्केट (हात मधे ओढला जाऊ नये म्हणून उलटी ओढ देणारं बटण) शून्यावर, पिनचं झाकण काढलेलं, हात उचलायची दांडी खाली. आता मागचं काउंटरवेट फिरवत फिरवत हात हवेत तरंगायला हवा, ना वर ना खाली, तराजूच्या काट्यासारखा. तरंगला की हात स्टँडवर अडकवा आणि वजन न हलवता फक्त पुढची आकड्यांची रिंग शून्यावर आणा. मग वजन आणि रिंग दोन्ही एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेला आकडा आणा, एटी-व्हीएम९५ई ला तो २ ग्रॅम आहे. अँटीस्केटही तेवढाच. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा पिनसाठी मिळतो, तो एकदा घ्याच, रिंगवरच्या आकड्यावर मी फार विश्वास ठेवत नाही. आणि लोकांना वाटतं हलकं ठेवलं की रेकॉर्ड वाचते, उलट आहे, फार हलकी पिन खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते.

अर्थ. टर्नटेबलमधून एक सुटी बारीक वायर निघत असेल, टोकाला 'यू' आकाराचा पत्रा, ती अँपच्या किंवा प्रीअँपच्या अर्थ स्क्रूला लावायची. नाही लावली तर पंख्यासारखा घूं आवाज. लावूनही येत असेल तर अँपचा प्लग बघा, तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा कन्व्हर्टर लावून कुणीतरी अर्थ उडवलेला असतो. आमच्याकडे तेच होतं आणि मी दोन महिने कार्ट्रिजला शिव्या घालत होतो.

स्पीड. दिव्याखाली फिरवून रेघा स्थिर दिसतात का बघायची स्ट्रोब डिस्क वगैरे आहे, पण एलईडी दिव्याखाली तिचा भरवसा नाही, जुनी चोकवाली ट्यूब हवी. सोपं सांगतो. प्लॅटरच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा, रेकॉर्ड लावा, पिन टेकवा आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावून फेरे मोजा. बरोबर १०० आले पाहिजेत. ९८ किंवा १०२ आले तर स्क्रूने जुळवा, बेल्ट सैल झाला असेल तर बदला. पेटीवाले आणि तंबोऱ्याचं अ‍ॅप असलेले लोक सुरावरूनच पकडतात ते वेगळं.

पायरी ६: जुनं घेताना हातात धरून बघा

पुण्याचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, रद्दीवाले, आणि कुणाचं तरी घर रिकामं होत असेल तर तिथे. काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ ला बंद झालं तेव्हापासून नवीन सीड्या हाताळून घ्यायची सवयच गेली, आता जुन्याच चाळायच्या.

रेकॉर्ड उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकी धरा. पृष्ठभागावर केसासारख्या रेघा असतील तर चालतं, नख फिरवून अडकतंय अशी रेघ असेल तर तिथे पिन अडकणार. खाचा चकचकीत काळ्याऐवजी राखाडी दिसत असतील तर जड पिनने वर्षानुवर्षं वाजवून झिजलीय, ती कितीही धुवा, खरखर जाणार नाही. मधल्या भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा म्हणजे कुणीतरी अंधारात चाचपडत भरपूर वेळा लावलीय. मग डोळ्यांच्या रेषेत धरून बघा वाकलीय का, बशीसारखी वाकलेली असेल तर सोडा. लेबल आणि आतली रेकॉर्ड जुळतेय का तेही बघा, कव्हर भीमसेनजींचं आणि आत भलत्याच लग्नाची गाणी असं मला दोनदा झालंय. ऑनलाइन घेताना "व्हीजी" म्हणजे व्हेरी गुड असं वाचून फसू नका, त्या भाषेत व्हीजी म्हणजे दर गाण्यात टकटक. व्हीजी प्लस किंवा निअर मिंट बघा.

सीडी घेताना उलटं करा, म्हणजे चमकणारी बाजू नंतर, आधी छापील बाजू. बहुतेकांना वाटतं खालची बाजू नाजूक. खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लास्टिक आहे, खरा अ‍ॅल्युमिनियमचा थर वर छपाईच्या लगेच खाली असतो, त्याच्यावर फक्त लाखेचा पातळ थर. तिथे ओरखडा म्हणजे डेटाच गेला. दिव्यासमोर धरून बघा, टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, कडेला तपकिरी डाग दिसले तर नको. खालचे बारीक ओरखडे प्लेयर स्वतः भरून काढतो, ट्रॅकच्या दिशेने दोन-अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड त्याला हिशोबाने परत जोडता येतो.

आणि "५० सुपरहिट गाणी" लिहिलेलं असेल तर ती एमपीथ्री आहे, सीडी नव्हे. खालची बाजू हिरवट-निळसर दिसली तर घरी बर्न केलेली, तिचा रंग उडत जातो, किती वर्षं टिकेल याचा नेम नाही.

पायरी ७: धुणं, वाळवणं, पावसाळा

चिपळूणला मामाकडे २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजला गेला. कपाटाच्या खालच्या खणात रेकॉर्ड आणि सीड्या शेजारी शेजारी होत्या आणि आम्ही चौथ्या दिवशी पोचलो तेव्हा सगळ्यावर तो चिकट पिवळा चिखल. कव्हरं लगद्यासारखी हातात आली. एलपी आणि ईपी धुतल्यावर जवळपास सगळ्या वाजल्या, लेबलं तेवढी गेली. छापील सीड्यांतल्या बऱ्याच वाजल्या, काहींच्या कडेतून पाणी आत शिरलेलं ते डाग वाढत गेले. घरी बर्न केलेल्या एकही नाही, त्यात भाचीच्या मुंजीचं... म्हणजे भाच्याच्या मुंजीचं रेकॉर्डिंग होतं. लाखेच्या ७८ काही फुगल्या आणि कडेने सुटल्या.

तेव्हा शिकलेली पद्धत आजही वापरतो. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे मिळतं, पाच लिटरचा कॅन घ्या, फक्त अ‍ॅसिड नको म्हणून दोनदा सांगा. एक लिटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, जास्त नाही. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, मग रेकॉर्ड उभी धरून लेबल न भिजवता खाचांवर पाणी आणि मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने, गोल गोल. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायची, नळाचं पाणी शेवटी नको, बोअरचं तर नाहीच, क्षार खाचेत बसतात आणि तेच मग टकटक करतात. वाळवायला ताटाळं. खरंच, ताटं उभी ठेवायचं ताटाळं यासाठीच बनवलंय असं वाटतं. सावलीत, पंखा बंद.

बुरशी असेल तर एलपीसाठी पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाचात एक भाग वगैरे. ७८ ला मात्र अल्कोहोल थेंबभरही लावायचं नाही, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पॉलिशवाला तेच तर करतो. एका ओळखीच्याने कापसाने पुसली, कापूस काळा झाला म्हणून खूश, केवढी घाण निघतेय बघ म्हणे. ती घाण नव्हती.

सीडी धुताना साधं पाणी आणि साबणाचा थेंब पुरे, पण पुसायची दिशा बदलते. सीडी मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल नाही, कारण गोल ओरखडा ट्रॅकच्याच रेषेत जातो आणि प्लेयरला सलग मोठा खंड सापडतो, आडवा ओरखडा तो सहज ओलांडतो. रेकॉर्ड गोल, सीडी सरळ, एवढं लक्षात ठेवलं तरी बास.

ठेवायचं दोन्ही उभंच. आडव्या थप्पीने खालच्या रेकॉर्ड वाकतात. खिडकीजवळ, फ्रिजवर, गाडीच्या डिकीत नको, पुण्यात एप्रिलमध्ये डिकीत तासभर राहिलेली एलपी भजीच्या झाऱ्यासारखी होऊन निघाली. ठाणे-मुंबई-कोकणात जूनच्या आधी आतल्या कागदी पिशव्या काढून पातळ पॉलिथिनच्या घाला, कागद ओल धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबरगोळ्या टाकू नका, सीडीच्या कडक डबीचं प्लास्टिक त्याने चिकट होतं. हिवाळ्यात उलटा त्रास, हवा कोरडी झाली की रेकॉर्ड पिशवीतून काढताना चटचट आवाज येतो आणि धूळ ओढून घेते, तेव्हा कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या रेकॉर्डवर हलकेच धरायचा.

पिनही विसरू नका. पाचशे तासांच्या आसपास बदलायचा विचार करा, रोज एक एलपी म्हटलं तरी दोन वर्षं जातात. झिजलेली पिन स्वस्त वाटते पण ती दर वेळी रेकॉर्ड खाते.

पायरी ८: कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा

सीड्या आधी, कारण काम सोपं. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, दोन्ही फुकट. फ्लॅकमध्ये उतरवा, एमपीथ्रीत नको, एक सीडी साधारण तीन-चारशे एमबीत बसते आणि काहीही गमावलेलं नसतं. हे सॉफ्टवेअर दुसऱ्यांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी ताडून बघतं, जुळलं की निश्चिंत. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी, चिपळूणनंतर मी ही पुण्यातल्या बहिणीकडे ठेवतो.

रेकॉर्डना वेळ लागतो, वीस मिनिटांची बाजू वीस मिनिटंच घेणार. ऑडॅसिटी पुरतं. आवाजाची पातळी लावताना सर्वात जोरातला भाग आधी वाजवून बघा, लाल दिवा एकदाही लागता कामा नये. ७८ आणि जुन्या मोनो एलपी असतील तर दोन्ही चॅनेल मिसळून मोनो करा, गाणं दोन्हीकडे तेच असतं आणि खरखर दोन्हीकडे वेगवेगळी, त्यामुळे ती आपोआप खाली बसते. टर्नटेबलला ७८ चा स्पीड नसेल तर ७८ ची पिन लावून ४५ वर उतरवा आणि ऑडॅसिटीत स्पीड बदला, तिथे ४५ वरून ७८ असा पर्यायच दिलेला आहे. आवाज जरा वेगळा येतो, प्रीअँपने खर्ज-टीपचा हिशोब ४५ च्या वेगाला केलेला असतो म्हणून, पण सूर बरोबर येतो. खरखर काढायच्या फिल्टरला हात आखडता ठेवा, आणि मूळ फाइल न छेडता वेगळी ठेवा.

नाव देताना गायक, राग किंवा गाणं, रेकॉर्डचा नंबर, आणि लेबल आणि खाचांच्या मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला नंबर, हे सगळं लिहा. लेबलचा फोटो काढा. मामाच्या सात ईपींची लेबलं चिखलात गेली, त्या कोरलेल्या नंबरावरून पाच ओळखू आल्या. उरलेल्या दोन अजून ताटाळ्याशेजारी उभ्या आहेत, एकावर कुणीतरी बाई लावणी म्हणतेय आणि आवाज फार ओळखीचा आहे, पण नाव काही आठवत नाही.